समुद्रकाठच्या वाऱ्यात लाकडी कुंपण : हौस आणि हिशेब

१७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि मुंबई-बंगळूर महामार्गाच्या सेवारस्त्यावर किवळे येथे जाहिरातीचा एक अवाढव्य फलक कोसळला. त्याच्या आडोशाला थांबलेल्यांपैकी पाच जणांचा त्यात जीव गेला. थेरगावपासून ही जागा फार दूर नाही. वारा सपाट, बंद पृष्ठभागावर केवढा भार टाकू शकतो, याचा इतका क्रूर धडा पिंपरी-चिंचवडकरांना त्यापूर्वी क्वचितच मिळाला असेल. तो फलक लोखंडी सांगाड्यावर उभा होता आणि येथून समुद्र शंभर किलोमीटरच्या आसपास दूर आहे. मग प्रत्यक्ष समुद्रकाठी, पुळणीच्या मऊ जमिनीत रोवलेल्या लाकडी कुंपणाचे काय होत असेल, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तसा नाही. विशेषतः थेरगावातील, आणि एकूणच औद्योगिक पट्ट्यातील, अनेक कुटुंबांसाठी तो खर्चाचा आणि मनस्तापाचा प्रश्न आहे.

नोकरीनिमित्त चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत आलेल्या आणि थेरगाव, काळेवाडी, रहाटणीच्या परिसरात स्थिरावलेल्या कोकणातील कुटुंबांचे गावाकडचे घर अजून सुटलेले नाही. ज्यांचे मूळ गाव कोकणात नाही, अशांपैकीही अनेकांनी श्रीवर्धन, मुरूड, दापोली, गुहागर या भागांत पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा घेऊन ठेवला आहे. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट आणि माणगाव या मार्गाने शनिवारी पहाटे निघालेला माणूस सकाळच्या न्याहारीला समुद्राच्या काठी असतो. जागा घेतल्यावर पहिले काम निघते ते कुंपणाचे. घर नंतर होईल, आधी हद्द तर बांधून घेऊ, हा विचार व्यवहाराला धरूनच आहे. त्या वेळी कोणीतरी सुचवतो : चिरेबंदी भिंत कशाला, छानसे लाकडी कुंपण करा. परदेशी मासिकांत आणि चित्रपटांत पाहिलेले पांढऱ्या फळ्यांचे कुंपण डोळ्यांसमोर उभे राहते आणि मन तयार होते.

हे कुंपण वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ते कोणासाठी, कोठे आणि कशा रीतीने बांधलेले चांगले, याचा विचार आधी व्हायला हवा.

वाऱ्याचे गणित

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा बंद पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे १७ किलो वजनाइतका रेटा देतो. ताशी १२० किलोमीटरला हाच रेटा ६८ किलोंच्या घरात जातो. आता पाच गुंठ्यांची चौरस जागा घेऊ. तिची प्रत्येक बाजू साधारण साडेबावीस मीटर भरते. समुद्राकडील बाजूला दीड मीटर, म्हणजे पाच फूट उंचीचे सलग फळ्यांचे कुंपण घातले, तर वाऱ्यासमोर उभे राहणारे क्षेत्रफळ ३४ चौरस मीटर होते. ताशी १२० किलोमीटरच्या झोतात त्या एका बाजूवर सव्वादोन टनांहून अधिक रेटा येतो. कुंपणाच्या मागच्या बाजूला निर्माण होणारे वाऱ्याचे ओढणे धरले तर प्रत्यक्षातला आकडा आणखी वाढतो.

एवढा वेग रोज नसतो, हे खरे. पण तो काल्पनिकही नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ अशी तीन चक्रीवादळे बारा वर्षांच्या आत कोकण किनाऱ्याने अनुभवली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा त्या एका दुपारी आडव्या झाल्या. इमारतींवरील वाऱ्याचा भार ठरवणारे आपले भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर तर मुंबईसाठी ४४ मीटर हा मूलभूत वेग धरते. सेकंदाला ४४ मीटर म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी येऊ शकणाऱ्या झोताचा तो हिशेब आहे आणि तेव्हाचा रेटा चौरस मीटरला ११८ किलोंपर्यंत पोहोचतो.

उंचीचा मोह तर याहून महागात पडतो. वारा कुंपणाला ढकलतो तेव्हा खांब जमिनीलगत मोडू पाहतो. ही मोडण्याची शक्ती उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते. पाच फुटांचे कुंपण सात फुटांचे केले, तर खांबाच्या बुंध्यावरील ताण जवळजवळ दुप्पट होतो. ‘आणखी दोनच फूट वाढवा, रस्त्यावरून आत दिसायला नको’ असे सुताराला सांगताना हे दुप्पट कोणाच्या लक्षात येत नाही. खांब मात्र तेवढ्याच जाडीचे आणि तेवढेच खोल राहतात.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. कुंपणात फटी ठेवाव्यात. तीन इंची पट्टी आणि दोन इंची फट ठेवली की चाळीस टक्के जागा मोकळी राहते. वाऱ्याचा एक भाग त्यातून पार होतो आणि खांबांवरील भार बराच हलका होतो. येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. बंद कुंपण वारा जास्त अडवत असेल, ही समजूत अर्धीच खरी आहे. बंद फळ्यांवर आदळलेला वारा वर चढतो, माथ्यावरून उडी घेतो आणि मागे थोड्याच अंतरावर भोवरे घेत खाली उतरतो. कुंपणाला चिकटून उभ्या असलेल्या माणसाला आडोसा मिळतो, पण चार-सहा पावलांवर लावलेली आंब्याची कलमे त्या भोवऱ्यांत पिळवटून निघतात. फटी असलेल्या कुंपणातून गाळून आलेला मंद वारा मागच्या हवेला आधार देतो, त्यामुळे वरचा जोरकस झोत लगेच खाली कोसळत नाही. शेतीतील वाराप्रतिबंधक पट्ट्यांच्या अभ्यासातून हेच दिसून आले आहे की, साधारण चाळीस ते पन्नास टक्के सच्छिद्र अडथळा उंचीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग जाणवण्याइतका कमी करतो. फ्रान्सच्या किनाऱ्यावर चेस्टनटच्या उभ्या पट्ट्या तारेत गुंफून जी ठेंगणी कुंपणे घालतात, ती याच तत्त्वावर उडती वाळू थांबवतात. वाऱ्याचा वेग मंदावला की वाळू आपोआप खाली बसते.

तेव्हा ‘वारा आहे म्हणून फळ्या जोडून घट्ट बसवा’ असे सांगणारा सुतार प्रामाणिक असला तरी त्याचा सल्ला चुकीचा आहे. त्यात पूर्ण खाजगीपण मिळत नाही, ही या पद्धतीची उघड उणीव आहे. ज्याला तेच हवे असेल त्याने एकाआड एक पट्ट्या खांबाच्या दोन्ही अंगांना माराव्यात. समोरून पाहणाऱ्याला त्या बंद दिसतात, वाऱ्याला मात्र वळसा घेऊन वाट मिळते. लाकूड थोडे जास्त लागते, एवढेच.

खारा वारा, पाऊस आणि वाळवी

वारा ही दोन-चार तासांची परीक्षा. बाकीचे शत्रू वर्षभर काम करीत असतात.

समुद्रकाठच्या हवेतील क्षाराने लाकडाचे थेट नुकसान फारसे होत नाही. मिठाच्या बाबतीत लाकूड हे लोखंडापेक्षा कितीतरी सोशीक आहे. नाहीतर होड्या लाकडाच्या झाल्याच नसत्या. बिघडते ते लाकडाला धरून ठेवणारे लोखंड. साधा खिळा खाऱ्या हवेत गंजतो, गंजताना फुगतो आणि फुगताना लाकूड चिरतो. सागासारख्या लाकडातील द्रव्यांशी लोखंडाचा संयोग होऊन काळे ओघळ उतरतात ते वेगळेच. दोन-तीन पावसाळ्यांनंतर फळी शाबूत आणि खिळा नाहीसा, असे दृश्य कोकणात नवे नाही. म्हणून फळ्यांच्या दर्जावर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने खिळ्यांवर काटकसर करणे हा शुद्ध अविचार होय. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले स्क्रू हा किमान पर्याय. परवडत असेल तर गंजरोधक पोलादाचे घ्यावेत आणि त्यातही दुकानदार बहुधा देतो ते ३०४ क्रमांकाचे न घेता, खाऱ्या हवेसाठी बनवलेले ३१६ क्रमांकाचे मागून घ्यावेत. याच निकषावर काटेरी तार आणि लोखंडी अँगलही तपासून पाहावेत. स्वस्त म्हणून घातलेली तार किनाऱ्यावर ज्या वेगाने गंजते, त्याच्या तुलनेत बरे लाकूड खरोखरच टिकाऊ ठरते.

पावसाचा मारा याहून गंभीर. दक्षिण कोकणात आणि रायगडच्या किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पाऊस पडून गेल्यावर फळी वाळते. पण जमिनीत गेलेला खांब वाळत नाही. जमिनीच्या पृष्ठभागापासून वीतभर वर आणि वीतभर खाली, एवढ्या पट्ट्यात ओल आणि हवा दोन्ही मिळतात, बुरशी तेथेच धरते आणि वाळवीही तेथूनच शिरते. खांब वरून धडधाकट दिसतो आणि एखाद्या जूनच्या पहिल्याच वाऱ्यात जमिनीलगत कटकन मोडतो. वाऱ्याचा सर्वांत जास्त ताणही नेमका तेथेच येतो. कुंपण वाऱ्याने पाडले असे आपण म्हणतो खरे, परंतु बहुतेक वेळा ते आधीच कुजलेले असते.

खांबाभोवती सिमेंट काँक्रीट ओतले की काम पक्के झाले, हा समज सर्वत्र आढळतो. लाकूड आक्रसले की ते आणि काँक्रीट यांच्यामध्ये फट पडते, तीत पाणी साचते आणि खांब जणू पेल्यात उभा राहतो. याऐवजी काँक्रीटमध्ये पोलादी पट्ट्या किंवा खोबण बसवून लाकडी खांब जमिनीपासून चार बोटे वर उचलून धरणे कितीतरी चांगले. त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे खांब सिमेंटचे किंवा जांभ्याच्या चिऱ्याचे आणि त्यांमधल्या पट्ट्या तेवढ्या लाकडाच्या. शुद्धतावाद्यांना हे मिश्रण आवडणार नाही. पण खांब ही टिकाऊ वस्तू आणि पट्टी ही बदलायची वस्तू, अशी विभागणी एकदा मान्य केली की लाकडी कुंपणाबद्दलची निम्मी चिंता मिटते.

किती खोल रोवावे, हे जमिनीवर अवलंबून आहे. पुळणवट जमिनीत वाळूची पकड नसते. तेथे खांबाच्या एकूण लांबीचा एक तृतीयांश भाग जमिनीत जायला हवा, म्हणजे पाच फुटी कुंपणाला अडीच फूट. याउलट सड्यावर, जांभ्याच्या कातळात, एक फूट खोदतानाच घाम फुटतो. तेथे कातळात भोक पाडून सळई बसवणे आणि तिच्यावर पाया धरणे अधिक शहाणपणाचे.

पॅकिंगच्या लाकडाचा मोह

औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना एक वेगळे आकर्षण असते. परदेशातून येणारी यंत्रे आणि सुटे भाग ज्या पेट्यांत आणि तराफ्यांवर येतात, त्यांचे पाइन लाकूड येथील भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळते. सरळ रेषांचे, फिकट पिवळे, हलके आणि रंधा मारला की सुंदर दिसणारे. टेम्पोभर फळ्या कोकणात नेल्या की कुंपण झाले, असा हिशेब कारखान्यातील मित्रमंडळींत नेहमी मांडला जातो. त्यातच त्या फळ्यांवर गव्हाच्या ओंबीचे चित्र आणि ‘एचटी’ ही अक्षरे डागलेली असतात. म्हणजे लाकडावर प्रक्रिया केलेली आहे, असे कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतो.

प्रक्रिया झालेली असते हे खरे, पण तिचा उद्देश निराळा असतो. एका देशातील लाकूडकिडे दुसऱ्या देशात जाऊ नयेत यासाठी केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा तो शिक्का आहे. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसला ठेवले गेले. त्या वेळी आत असलेले किडे आणि अळ्या मेल्या. पुढे त्या लाकडाला वाळवी लागणार नाही किंवा ते कुजणार नाही, याची कोणतीही हमी त्यात नाही. उष्णता देऊन झाली की तिचा परिणाम संपला. ‘एमबी’ असा शिक्का असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. अशा फळ्या घरगुती कामात न वापरलेल्याच बऱ्या. कोकणातील ओल आणि वाळवी यांच्यासमोर उघडे पाइन जमिनीला टेकलेले असेल, तर दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे त्याची आशा धरू नये. जमिनीपासून उचललेल्या पट्ट्यांसाठी, नियमित तेलपाणी करण्याची तयारी असेल तर, ते चालते. खांबांसाठी मात्र नाही. थेरगावच्या गच्चीवर याच फळ्यांचा झोपाळा वर्षानुवर्षे टिकला, हा पुरावा समुद्रकाठी कामाचा नाही.

मग लाकूड कोणते? साग, खैर, ऐन, किंजळ यांच्या गाभ्याचे लाकूड चांगले टिकते. ‘गाभ्याचे’ हा शब्द येथे महत्त्वाचा. सागाच्या बाहेरचा पांढरट भाग वाळवीला इतर कोणत्याही स्वस्त लाकडाइतकाच प्रिय असतो आणि ‘सागवानी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक खांबांत तोच अधिक असतो. शिवाय ही चारही झाडे महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्याच जागेतील झाड असले तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, आणि लाकूड हलवायचे तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. बांबूची अडचण यापेक्षा कमी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढवलेला बांबू भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. माणगा, मेस, चिवा हे कोकणातील बांबू कुंपणाला उत्तम. पावसाळा सरल्यावर हिवाळ्यात तोडलेला आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू किड्यांना कमी बळी पडतो, कारण किड्यांना हवे असलेले पिष्ट त्यातून बरेचसे निघून गेलेले असते.

संरक्षक लेपांच्या बाबतीत कोकणातच मिळणारे काजूच्या टरफलांचे तेल उपेक्षित राहिले आहे. होड्यांना आणि घराच्या लाकडांना ते लावण्याची रीत जुनी आहे. वाळवी त्याला दबकून असते. पण ते कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा हातमोज्यांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने दाब देऊन मुरवलेले लाकूड दीर्घकाळ टिकते, यात शंका नाही. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बनवणे थांबवले गेले. परसातल्या भाजीजवळ असले खांब नकोत आणि त्यांचे तुकडे चुलीत तर मुळीच घालू नयेत.

कोकणाने काय केले?

ज्या लोकांनी शेकडो वर्षे हा वारा सोसला, त्यांनी सलग फळ्यांचे कुंपण का घातले नाही, असा प्रश्न विचारून पाहावा. लाकडाची तेथे वाण नव्हती आणि सुतारही उत्तम होते. तरीही जुन्या वाडीभोवती दिसतो तो गडगा, म्हणजे चुना-सिमेंटाविना रचलेली दगडांची ठेंगणी भिंत. तिच्या फटींतून वाराही जातो आणि पाणीही. कोठे दगड ढासळला तर घरचा माणूस तो पुन्हा रचून ठेवतो. गडगा नसेल तेथे वई : शेर, निरगुंडी, मोगली एरंड यांच्या फांद्या रोवून, त्यांना मुळे फुटली की मध्ये काट्या आणि बांबू विणलेले जिवंत कुंपण. अलीकडे त्यात गिरिपुष्पाची भर पडली आहे. समुद्राच्या अगदी तोंडाशी केवडा, उंडी, भेंड यांसारखी खारे वारे सोसणारी झाडे. लाकूड आणि बांबू दिसतो तो बेड्यात, म्हणजे आडव्या दांड्या सरकवून उघडमीट करायच्या फाटकात. पावसाळ्यापुरता ओटीला आडोसा हवा असेल तर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे आणि दिवाळीच्या सुमारास काढून टाकायचे.

या सगळ्यात एक सूत्र आहे. कायमचे ते दगडाचे किंवा जिवंत, आणि लाकडी ते सुटे, हलके, बदलता येण्याजोगे. जिवंत खांबाला वाळवी लागत नाही, तो गंजत नाही, आणि दरवर्षी त्याची मुळे अधिक खोल जातात. वादळात फांद्या मोडल्या तरी पुढच्या पावसात त्या पुन्हा फुटतात. अर्थात यालाही वेळ लागतो. वई दाट व्हायला तीन-चार वर्षे हवीत आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोणीतरी हवे. शिवाय २०२० सारख्या वादळात माड उन्मळून अंगावर आला तर गडगा, वई किंवा लाकूड, काहीच टिकत नाही.

चिऱ्याच्या उंच, पक्क्या भिंतीचा पर्याय आज सर्रास निवडला जातो. ती वाऱ्याला बहुधा पुरून उरते. परंतु पाण्याला वाट ठेवली नाही तर तिच्यामागे माती फुगते. पावसाने भिजलेल्या मातीलगतची संरक्षक भिंत काय करू शकते, हे जून २०१९ च्या अखेरीस पुण्यात कोंढव्यामध्ये दिसले. भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. लाकडी कुंपण पडले तर नुकसान होते, पण शक्यतो माणूस मरत नाही. त्याच्या बाजूने मांडायचा हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. चार पट्ट्या मोडल्या तर चारच बदलाव्या लागतात आणि गावातला सुतार ते काम अर्ध्या दिवसात करतो.

मालक कोठे राहतो?

माझ्या मते या प्रश्नाचा खरा निकाल लाकडाच्या जातीवर लागत नाही. तो लागतो मालकाच्या पत्त्यावर. लाकडी कुंपणाला वर्षातून दोन वेळा हात लावावा लागतो : मे महिन्यात, पावसापूर्वी, सैल झालेले स्क्रू आवळून तेल द्यायचे आणि खांबाच्या बुंध्याशी साचलेला पालापाचोळा दूर करायचा, आणि ऑक्टोबरमध्ये, पावसानंतर, कुजलेले शोधून काढायचे. एखादी जाड सुई किंवा पेचकस बुंध्याशी टोचून पाहिला तरी पुरते. तो लोण्यात शिरावा तसा शिरला तर खांब गेला म्हणून समजावे. मध्येच वाळवीची मातीची नळी चढताना दिसली तर त्याच दिवशी ती मोडावी लागते. हे काम तेथे राहणाऱ्याला सहज जमते. थेरगावात राहून, पाळ्या सांभाळून, महिन्यातून एका रविवारी जाणाऱ्याला ते जमत नाही आणि जून ते सप्टेंबर या ज्या महिन्यांत कुंपणाची खरी कसोटी असते, त्या महिन्यांत तर तो घाटातील दरडींच्या भीतीने फिरकतही नाही. मोडलेली फळी तशीच लोंबकळत राहते, पुढच्या वाऱ्यात शेजारच्या वाडीत जाऊन पडते आणि सप्टेंबरअखेर मालक पोहोचतो तेव्हा शेजाऱ्याने तिचे सरपण केलेले असते. त्यात शेजाऱ्याचा दोष काढता येणार नाही.

तेव्हा जो तेथे राहत नाही, त्याने चारही बाजूंना लाकूड घालण्याच्या भरीस पडू नये. समुद्राकडील आणि नैर्ऋत्येकडील बाजू, जेथून पावसाळी वारा येतो, ती कंबरेइतक्या गडग्याची आणि त्याच्या आतल्या अंगाला लावलेल्या वईची असावी. वई वाढेपर्यंत तिच्या आडोशाला बांबूच्या विरळ पट्ट्या बांधाव्यात. त्या तीन-चार वर्षांत मोडल्या तरी तोवर त्यांचे काम झालेले असते. रस्त्याकडची किंवा घरामागची, वाऱ्याच्या आड येणारी बाजू आणि फाटक येथे लाकडाची हौस खुशाल पुरवावी : सिमेंटचे खांब, उभ्या पट्ट्या, खालचा शेवट जमिनीपासून दोन इंच वर, पट्टीचे डोके उतरते कापलेले, म्हणजे पाणी थांबत नाही. उंची चार फुटांपलीकडे नको. ज्याने गावी कायमचे राहायचे ठरवले आहे, निवृत्तीनंतर जो तेथेच सकाळचा चहा घेणार आहे, त्याने मात्र चारही बाजूंना लाकूड घातले तरी बिघडत नाही. दर मे महिन्यात त्याला एक आवडीचे काम मिळेल.

वानरांविषयी विचारणा नेहमी होते. त्यांच्यासाठी कोणतेही कुंपण म्हणजे बसायची जागा. लाकडी असेल तर अधिक सोयीची.

खर्चाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर पाहून घ्याव्यात. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झाल्याशिवाय एकही खांब रोवू नये. कोकणातील तुकड्यांच्या हद्दी सातबारावर एक आणि जागेवर दुसऱ्या असणे नवे नाही. आणि जागा भरतीरेषेच्या जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावेत. २०१९ च्या अधिसूचनेने मर्यादा काही ठिकाणी शिथिल झाल्या असल्या तरी त्या प्रत्येक गावाला सारख्या लागू नाहीत.

याशिवाय एक गोष्ट कागदावर बहुधा नसते. किनाऱ्यालगतच्या बहुतेक जागांमधून किंवा त्यांच्या कडेने समुद्राकडे जाणारी एखादी पायवाट असते. कोळी, आगरातील गडी, शाळेला जाणारी मुले तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या गेलेली असतात. अशा वहिवाटीला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे संरक्षण मिळू शकते. बाहेरगावच्या मालकाने हौसेने घातलेले उंच, बंद कुंपण ती वाट अडवते आणि पहिल्याच वर्षी गावाशी तेढ निर्माण होते. अशी जागा असेल तर वाटेच्या तोंडाशी दोन खांब उभे करून मध्ये तीन आडव्या दांड्यांचे बेडे ठेवावे. गुरे आत येत नाहीत, माणसे जातात-येतात आणि पावसाळाभर मालक थेरगावात असताना जागेवर लक्ष ठेवणारे डोळेही त्याच वाटेने जात-येत राहतात.